अंतुले प्रकरणाची पार्श्वभूमी: सिमेंटची गोणी आणि श्रीवर्धनची आमदारकी

आज कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी सिमेंटची गोणी १९८०च्या सुमारास परमिटवर मिळायची. दर सरकारी, पुरवठा तुटपुंजा. त्यामुळे काळ्या बाजारात भाव चढेच. घराला गिलावा करायचा तरी कचेरीत खेपा घालाव्या लागत. मुंबईतल्या बिल्डरांची गरज हजारो गोण्यांची, आणि वाटपाच्या किल्ल्या मंत्रालयात. बिल्डरांकडून देणग्या घेऊन त्यांना सिमेंट दिल्याच्या आरोपावरून मुख्यमंत्र्यांची खुर्ची गेली, ते अंतुले प्रकरण समजून घ्यायचं तर सुरुवात इथून करावी लागते.

बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले मूळचे सावित्रीकाठच्या आंबेतचे. १९६२ पासून श्रीवर्धनचे आमदार, मधे राज्यसभा, आणि जून १९८० मध्ये मुख्यमंत्री. कारकीर्द जेमतेम १९ महिन्यांची, पण कामाचा झपाटा विरोधकही मान्य करत. संजय गांधी निराधार योजना त्यांचीच. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला, कुलाब्याचं रायगड झालं. दक्षिण रायगडात त्यांचं नाव आजही आपुलकीने का घेतात, हे यावरून कळतं.

साहित्यिक-कलावंतांच्या मदतीसाठी म्हणून त्यांनी ‘इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान’ हा न्यास काढला. देणग्यांचा ओघ लागला. देणारे बरेचसे बिल्डर. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये पत्रकार अरुण शौरींनी हे चव्हाट्यावर आणलं. पैसा न्यासाकडे गेला, मग भ्रष्टाचार कसला, हा बचाव वरवर बिनतोड वाटे. पण १२ जानेवारी १९८२ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्या. लेंटिन यांनी देणगी आणि सिमेंटवाटप यांचा संबंध असल्याचा निष्कर्ष काढला. अंतुल्यांनी राजीनामा दिला. पुढच्याच महिन्यात केंद्राने सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठवलं!

खुर्ची गेली तरी आमदारकी राहिली, आणि भाजपचे रामदास नायक यांनी भरलेला फौजदारी खटला नेमका तिथेच अडला. आमदार हा लोकसेवक, म्हणून पूर्वपरवानगीशिवाय खटला चालणार नाही, असं म्हणत विशेष न्यायाधीशांनी १९८३ मध्ये अंतुल्यांना मोकळं केलं. १६ फेब्रुवारी १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हा निर्णय उलटवला: दंडविधानातल्या ‘लोकसेवका’च्या व्याख्येत आमदार बसत नाही, सबब परवानगी नको. शिवाय खटला थेट उच्च न्यायालयाकडे सोपवला. १९८८ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने हे सोपवणंच चूक ठरवलं. न्यायालयाने स्वतःचाच आदेश असा मागे घेणं विरळाच. एव्हाना सहा वर्षं गेली होती. शिक्षा शेवटपर्यंत झाली नाही.

मतदारांनी तर वाट पाहिलीच नाही. १९८९ मध्ये अंतुले खासदार झाले, २००६ मध्ये केंद्रात अल्पसंख्याक खात्याचे मंत्री. गंमत म्हणजे जिल्ह्याचं नाव त्यांनी बदललं, पण लोकसभा मतदारसंघ २००८ च्या फेररचनेपर्यंत ‘कुलाबा’च राहिला. २ डिसेंबर २०१४ रोजी त्यांचं निधन झालं.

आमदाराचा प्रश्न मात्र कायद्याने पुढे नेला. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लोकसेवकाची व्याख्या रुंदावली, आणि १९९८ मध्ये नरसिंह राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याखाली खासदारांना लोकसेवक ठरवलं. तोच निकष आमदारांनाही लागला.