रिकामे लॉट आणि रिकामा पार्क: किंमत लावण्याआधी फरक ओळखा

अमेरिकेत मोबाइल होम पार्क (कारखान्यात बनवून ओढून आणलेली घरं उभी करायला जागेचे तुकडे, म्हणजे ‘लॉट’, भाड्याने देणारी जमीन) घ्यायला निघालेले लोक एकच गणित सगळीकडे लावतात: तो पार्क ६० टक्के भरलेला, हा शून्य टक्के, म्हणजे तेवढी किंमत पाडून मागायची. हे गणित मुळातच चुकीचं आहे.

चालू पार्कचा हिशेब तुम्हाला येतोच: भरलेल्या लॉटचं भाडं, त्यातून खर्च वजा, उरलेल्याला कॅप रेटने (किमतीवर वर्षाला अपेक्षित असलेल्या निव्वळ उत्पन्नाच्या टक्केवारीने) भाग.

अख्खा पार्क रिकामा असेल तर भाड्याच्या आधी हक्क तपासावा लागतो. बरेच जुने पार्क आजच्या झोनिंगमध्ये (कुठल्या जमिनीचा काय वापर करता येईल, याचे स्थानिक नियम) बसत नाहीत. नियमाच्या आधीपासून चालू आहेत, एवढ्याच कारणाने त्यांना परवानगी असते. हा ‘ग्रँडफादर्ड’ हक्क जमीन विकल्याने सहसा जात नाही, पण वापर थांबल्याने जातो. मुदत गावागणिक वेगळी. अनेक ठिकाणी ६ महिने किंवा १ वर्ष. निम्मा पार्क भरलेला असेल, तर पार्क म्हणून वापर चालू धरला जातो (काही गावं लॉटनिहाय मोजतात, तेही विचारून घ्या). शेवटचं घर हललं, की सगळ्याच लॉटची मुदत एकदम मोजली जाऊ लागते. ती उलटली, तर तुम्ही विकत घेताय ती जुने पाइप पुरलेली मोकळी जमीन.

माहितीपत्रकात ‘ग्रँडफादर्ड’ छापलेलं असणं हा पुरावा नव्हे. फोनवर कुणी ‘चालेल’ म्हणणं हाही नव्हे. झोनिंग खात्याचं लेखी पत्र घ्या. किती लॉट मान्य आहेत, वापर कधी थांबला असं खातं धरतं आणि तिथे १६ बाय ७६ फुटी घर बसवता येईल का, या तिन्हींची उत्तरं त्यात हवीत. तिसरा प्रश्न तर विसरूच नका. १०-१२ फूट रुंद घरांसाठी आखलेल्या लॉटवर आजचं घर, दोन घरांमधलं सक्तीचं अंतर धरून, बहुतेकदा बसत नाही. मग दोन लॉट मिळून एक करावा लागतो आणि ४० चे २०-२५ होतात. पत्र मनासारखं आलं नाही तर बयाणा परत, ही अट करारात घाला. पार्क चालवण्याचा परवाना वेगळा असतो (फ्लोरिडात तो आरोग्य खातं देतं). तो असला म्हणून झोनिंग मिटलं असं होत नाही.

जमिनीखालचं थोडक्यात: सांडपाण्याच्या लाइनीत कॅमेरा घाला, पाण्याच्या लाइनीची दाबचाचणी करा. लॉटवरचे वीजजोडणीचे खांब ६० अँपिअरचे असतील तर बदलावे लागतील. नव्या घरांना १०० किंवा २०० लागतात. तांब्याच्या तारा चोरीला गेल्यात का, तेही पाहा. स्वतःची विहीर असून १५ जोडण्या किंवा २५ माणसं झाली, की सार्वजनिक पाणीपुरवठ्याचे संघीय नियम लागतात.

आणि ‘पार्क भरल्यावर’ येणाऱ्या उत्पन्नावर विक्रेत्याला एक डॉलरही देऊ नका. जमिनीचा भाव, अधिक चालू स्थितीतल्या लाइनी, एवढंच. पार्क भरण्याचा खर्च तुमचाच आहे: स्वतःचं घर ओढून आणणारे भाडेकरू क्वचित मिळतात, त्यामुळे बहुतेक घरं तुम्हालाच विकत घेऊन बसवावी लागतील, आणि १५ जून १९७६ पूर्वी, म्हणजे अशा घरांचं संघीय बांधणी मानक लागू होण्याआधी, बनलेली स्वस्त घरं अनेक गावं आत येऊच देत नाहीत.