कुप्याचा उतारा कुणाच्या नावावर?

बेळगावात कॅम्पातल्या मासळी बाजारात कुपा येतो तो घाट चढून, बर्फाच्या पेटीतून. सुरमई-पापलेटाच्या पंगतीत तो जरा उपराच. सुरा घातला की आतून मटणासारखं लालभडक मांस निघतं आणि नवं गिऱ्हाईक बिचकतं. जाणकार मात्र तुकडे दोन-तीन पाण्यांतून काढतात, मीठ-हळद लावून ठेवतात आणि सुरमईपेक्षा स्वस्तात पडला म्हणून खूश असतात. कुपा, गेदर ही सगळी ट्यूनाची भावकी. ती धरण्याचा हक्क कुणाचा, यावरून जगभर पाऊणशे वर्षं भांडण चालू आहे. त्याचा मुद्दा आपल्या भागातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही: हद्द ओलांडून जाणारी वस्तू कुणाची? ती जिथं सापडते त्याची, की आजवर वापरत आला त्याची?

पूर्वी देशाची हद्द किनाऱ्यापासून साधारण ३ सागरी मैल मानत. त्यापलीकडचा समुद्र सगळ्यांचा, म्हणजे व्यवहारात मोठ्या बोटी असणाऱ्यांचा. १९५२ मध्ये चिली, पेरू आणि इक्वेडोर यांनी सांतियागोत जाहीर केलं की आमची हद्द २०० मैल. अमेरिकेच्या ट्यूना बोटींनी ते मानलं नाही. इक्वेडोर आणि पेरू बोटी धरायचे, दंड लावायचे; आणि १९५४ च्या कायद्यानुसार तो दंड अमेरिकी सरकार आपल्या बोटमालकांना भरून द्यायचं. म्हणजे मासे मालकाचे आणि दंड सरकारी तिजोरीतून! पुढं १९७६ मध्ये खुद्द अमेरिकेनं २०० मैलांवर हक्क सांगितला, पण ट्यूनाला त्यातून वगळलं. हा भटका मासा, त्याच्यावर कुठल्याच किनाऱ्याची मालकी नाही, असा युक्तिवाद. परक्याच्या दारात मासे धरायचे असले की असा युक्तिवाद सोयीचा पडतो.

१९८२ च्या सागरी कायदा करारानं २०० मैलांचं अनन्य आर्थिक क्षेत्र मान्य केलं, म्हणजे त्या पट्ट्यातल्या मासळीवर किनारी देशाचा हक्क. ट्यूनासारख्या दूर फिरणाऱ्या माशांसाठी ६४ वं कलम आलं, त्याचा सारांश एवढाच की किनारी देश आणि मासेमार देश यांनी एकमेकांशी सहकार्य करावं. वाटणी कशी करायची, यावर एक शब्द नाही. पुढची सगळी ओढाताण या मोकळ्या जागेतून निघाली.

१९८४ मध्ये पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांनी एक अमेरिकी ट्यूना बोट जप्त केली, तर अमेरिकेनं त्यांच्या माशांवर बंदी घातली. पुढच्याच वर्षी शेजारच्या किरिबाटीनं सोव्हिएत बोटींना परवाना विकला. शीतयुद्धाचे दिवस; वॉशिंग्टनला घाम फुटला आणि १९८७ मध्ये पॅसिफिक बेटांशी परवाना शुल्काचा करार झाला.

त्या भागातली सात छोटी राष्ट्रं १९८२ मध्येच नाउरू कराराखाली एकत्र आली होती; तुवालू हे आठवं राष्ट्र नंतर आलं. २००७ पासून त्यांनी मोठ्या पर्ससीन बोटींना, म्हणजे माशांच्या थव्याला जाळ्यानं वेढा घालणाऱ्या बोटींना, मासेमारीचे दिवस विकायला सुरुवात केली. वर्षाला एकूण किती बोट-दिवस हे आधी ठरतं, ते आठांत वाटले जातात आणि कंपन्या ते विकत घेतात. गावतळ्याचा लिलाव आठवा: ठेकेदार मुदतीचे पैसे मोजतो, जाळ्यात काय येईल ते त्याचं नशीब. इथं फरक असा की आठही तळ्यांचे मालक एकाच बाकावर बसून किमान बोली ठरवतात. ती बोली दिवसाला ८,००० डॉलरपर्यंत गेली. एकेकटी राष्ट्रं बोलणी करत होती तेव्हा त्यांच्या पदरात यातलं फारच थोडं पडायचं.

हिंदी महासागरात अशी एकजूट जमलेली नाही. स्पेन आणि फ्रान्सच्या पर्ससीन बोटी १९८० च्या दशकात अटलांटिकमधून इकडे आल्या आणि सेशेल्सच्या व्हिक्टोरिया बंदरात स्थिरावल्या. हिंदी महासागर ट्यूना आयोग १९९६ मध्ये सुरू झाला, त्याचं कार्यालयही तिथंच. वाटणीचे निकष ठरवायला २०११ पासून बैठका चालू आहेत. अडतं ते एकाच ठिकाणी. युरोपचं म्हणणं, आम्ही आजवर जे पकडलं ते आमच्या खाती धरा. किनारी देश म्हणतात, ते आमच्या पाण्यात पकडलंत, तेव्हा आमच्या खाती. घटप्रभा-मलप्रभेच्या काठी राहणाऱ्याला हे ऐकल्यासारखं वाटेल. कृष्णेच्या पाण्याच्या वाटपात बच्छावत लवादानं सप्टेंबर १९६० पर्यंतचा वापर संरक्षित धरला होता. ज्यानं आधी कालवा काढला, त्याचं पाणी आधी. २०२१ मध्ये पिवळ्या पराच्या कुप्याची पकड कमी करण्याचा ठराव झाला, तेव्हा भारत, इंडोनेशिया, ओमान वगैरेंनी हरकत घेतली. आयोगाच्या नियमाप्रमाणे हरकत घेणाऱ्यावर ठराव बंधनकारक राहत नाही.

घरच्या समुद्रात आपलाही इतिहास काही फार स्वच्छ नाही. आपल्या घटनेत किनाऱ्यालगतची १२ मैलांपर्यंतची मासेमारी राज्यांकडे, त्यापुढची केंद्राकडे. १९७६ च्या कायद्यानं २०० मैल आपले झाले, पण तिथवर जाणाऱ्या बोटी नव्हत्या. मग १९८१ पासून परदेशी बोटी भाड्यानं घेण्याचं धोरण आलं, १९९१ मध्ये संयुक्त उपक्रमांचं. नाव भारतीय कंपनीचं, बोट आणि मासे बाहेरचे. मच्छीमारांनी १९९४ मध्ये देशभर बंद पाळला, मुरारी समिती नेमली गेली आणि तिनं हे परवाने रद्द करा म्हणून सांगितलं. तरी २००२ मध्ये तोच प्रकार ‘परवानगी पत्र’ या नावानं परत आला. तो २०१७ मध्ये बंद झाला. नोव्हेंबर २०२५ च्या नव्या नियमांत परदेशी बोटींना मज्जाव आहे. खोल समुद्रात जाणाऱ्या यांत्रिक बोटींना अ‍ॅक्सेस पास लागतो आणि मच्छीमारांच्या सोसायट्यांना प्राधान्य आहे.

१२ मैलांच्या आतलं भांडण तर अगदी आपल्या ओळखीचं. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी कायदा १९८१ चा, कर्नाटकाचा १९८६ चा. कर्नाटकातल्या मलपीचे हायस्पीड ट्रॉलर आमच्या हद्दीत घुसतात, ही मालवण-वेंगुर्ल्याच्या रापणकरांची, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांची, दरवर्षीची तक्रार. ट्रॉलर धरले जातात, दंड होतो, पुढच्या मोसमात पुन्हा तेच. आणि ३१ जुलैला पावसाळी मासेमारी बंदी उठली की आठवडाभरात दोन्हीकडचा माल घाट चढून बेळगावला येतो, एकाच फळीवर शेजारी शेजारी पडतो. विकणारी मावशी ‘मालवणचा ताजा’ म्हणून दोन्ही एकाच भावानं देते.