उवांच्या औषधातला इशारा कोणी काढला?

सिरियातला कारखाना चालू राहावा म्हणून आयसिसला पैसे चारल्याच्या प्रकरणात लाफार्ज या सिमेंट कंपनीवर मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांना साथ दिल्याचा आरोप टिकतो, असं फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४मध्ये सांगितलं. ‘धंदेवाल्याला पुढचं काय ठाऊक?’ ही सबब लगेच ऐकू आली. मला आठवलं झायक्लॉन-बी, नाझींनी गॅस चेंबरमध्ये माणसं मारायला वापरलेलं.

मूळचं ते उवा-ढेकूण मारायचं औषध. हायड्रोजन सायनाइड साधारण २६ अंश सेल्सिअसलाच उकळतं. म्हणून ते सच्छिद्र दाण्यांत मुरवून डब्यात बंद करायचे. डबा फोडला की वायू सुटायचा. शरीरात शिरलेलं सायनाइड मायटोकाँड्रियातल्या सायटोक्रोम ऑक्सिडेज या विकराच्या फेरिक लोहाला चिकटतं. इलेक्ट्रॉन शेवटी ऑक्सिजनच्या हवाली करायचे, हे या विकराचं काम. तेच अडलं की मागची अख्खी साखळी तुंबते, आतल्या पटलापलीकडे प्रोटॉन ढकलले जात नाहीत, पेशीला ऊर्जा पुरवणारं एटीपी बनत नाही. रक्तात ऑक्सिजन भरपूर, पेशी मात्र गुदमरलेल्या!

सायनाइडचा कडू बदामासारखा वास काही जणांना जन्मतःच येत नाही. म्हणून डब्यात डोळ्यांना झोंबणारं रसायन मिसळत. छळछावण्या चालवणाऱ्या एसएस या नाझी दलाने ते नसलेला माल मागवला. उवा मारणाऱ्याला इशारा नकोसा का व्हावा?

(गॅस चेंबरच्या भिंतींवर निळे डाग नाहीत म्हणून हत्याकांडच खोटं, हा ‘शोध’ समाजमाध्यमांवर अजून फिरतो. माणसापेक्षा किडे मारायला कितीतरी जास्त वायू आणि कितीतरी जास्त तास लागतात. त्यामुळे सायनाइड आणि लोहापासून बनणारा निळा रंग, प्रशियन ब्लू, कपडे निर्जंतुक करायच्या खोल्यांत जास्त दिसतो, इतकंच.)

मार्च १९४६मध्ये हॅम्बुर्गच्या ब्रिटिश लष्करी न्यायालयाने पुरवठादार ब्रुनो टेश आणि त्याचा व्यवस्थापक वाइनबाखर यांना फाशी सुनावली. तिसरा आरोपी, एक तंत्रज्ञ, सुटला. खल मुख्यतः एकाच गोष्टीचा : गॅस कशासाठी जातोय, हे ठाऊक होतं का? आयजी फार्बेन या जर्मन रसायन कंपनीच्या अधिकाऱ्यांवरच्या खटल्यात १९४८मध्ये १३ जण दोषी ठरले, पण झायक्लॉनसाठी एकही नाही. माहिती होती हेच सिद्ध झालं नाही.

दोन्हीकडे पिंजऱ्यात माणसं होती, कंपनी नव्हती. १९९८च्या रोम करारानेही आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाला फक्त हाडामांसाच्या माणसांवर खटला चालवायची मुभा दिली. कंपन्यांनाही घ्या, असं तेव्हा फ्रान्सनेच सुचवलं होतं. जमलं नाही. त्यामुळे लाफार्जचं प्रकरण हेगच्या त्या न्यायालयात नाही, पॅरिसमध्ये आहे.