पर्यावरणविज्ञान

पर्यावरणविज्ञान : हवा, पाणी, माती, सजीव आणि माणूस यांच्यातील परस्परसंबंधांचा अभ्यास करणारे विज्ञान. रसायनशास्त्र, जीवशास्त्र, भूशास्त्र, हवामानशास्त्र यांच्या पद्धती त्यात वापरल्या जातात. शेती, उद्योग व कायदेकानू यांचाही विचार त्यात करावा लागतो. सजीव व त्यांच्याभोवतीचे निर्जीव घटक मिळून एकसंध परिसंस्था बनते, ही मांडणी ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टॅन्स्ली यांनी १९३५ मध्ये केली. माणूस या व्यवस्थेच्या बाहेर नाही. त्यामुळे निसर्ग आणि माणूस असे दोन पक्ष समोरासमोर उभे करण्याची सवय या अभ्यासात फारशी कामाची नाही.

परिसंस्थेत ऊर्जा एकाच दिशेने वाहते. अन्नसाखळीच्या एका पातळीवरून पुढच्या पातळीवर तिचा साधारण दहावा हिस्साच पोहोचतो, बाकीची मुख्यतः उष्णतेच्या रूपाने निघून जाते. द्रव्य मात्र फिरत राहते. कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस यांची चक्रे अखंड चालतात. माणसाने निर्माण केलेल्या प्रश्नांपैकी पुष्कळ इथेच सुरू होतात: एखादा पदार्थ चक्राला पेलणार नाही इतक्या वेगाने ओतला जातो, किंवा ज्याचे सहज विघटन होत नाही असा पदार्थ बाहेर सोडला जातो.

जपानमधील मिनामाता येथे एका रासायनिक कारखान्याचे पारायुक्त सांडपाणी समुद्रात जात होते. एवढ्या पाण्यात ते विरून जायला हवे होते. पण मेथिल पारा हे पाऱ्याचे विषारी संयुग; ते मासे व शिंपल्यांच्या शरीरात साचत गेले आणि अन्नसाखळीच्या वरच्या टोकाला त्याचे प्रमाण कितीतरी पटींनी वाढले. मासे खाणारी मांजरे झटके येऊन मरू लागली. माणसांमधील आजाराची अधिकृत नोंद १९५६ मध्ये झाली. सरकारने कारण मान्य करेपर्यंत १९६८ साल उजाडले.

उपयुक्त पदार्थांचा हिशेब अधिक अवघड असतो. हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याची हाबर-बॉश प्रक्रिया विसाव्या शतकाच्या आरंभी विकसित झाली. तिच्यातून मिळणाऱ्या खतांवाचून आजच्या लोकसंख्येचे पोट भरणे शक्य नाही. पण पिकांनी न घेतलेले खत नद्यांवाटे समुद्रात पोहोचते, शेवाळ माजते, ते कुजताना पाण्यातील ऑक्सिजन संपतो. मेक्सिकोच्या आखातात मिसिसिपी नदीच्या मुखालगत दर उन्हाळ्यात असा प्राणवायूहीन पट्टा तयार होतो. खत वाईट, असे यावरून म्हणता येत नाही. किती, केव्हा आणि कुठे घातले, हे पाहावे लागते.

वातावरणाच्या बाबतीत कारण आणि परिणाम यांत आणखी अंतर पडते. इंधने जाळल्याने हवेत साचणारा कार्बन डायऑक्साइड पृथ्वीचे तापमान हळूहळू वाढवतो. अमेरिकी शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाईतील मौना लोआ येथे मोजणी सुरू केली, तेव्हा त्याचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे ३१५ होते. आता ते ४२० च्या पुढे गेले आहे.

ओझोनची गोष्ट त्यामानाने बरी. शीतकरणात वापरले जाणारे क्लोरोफ्लुरोकार्बन वायू सूर्याची अतिनील किरणे अडवणारा ओझोन थर नष्ट करू शकतात, असे रसायनशास्त्रज्ञ मारिओ मोलिना व शेरवुड रोलंड यांनी १९७४ मध्ये दाखवले. अंटार्क्टिकावरील थर विरळ झाल्याचे १९८५ मध्ये जाहीर झाले आणि १९८७ मध्ये या वायूंवर निर्बंध घालणारा माँट्रियल करार झाला. त्यानंतर त्यांचे उत्पादन झपाट्याने घटले. तरी यांपैकी काही वायू हवेत शंभर वर्षांच्या आसपास टिकतात. त्यामुळे अंटार्क्टिकावरील थर १९८० च्या पातळीवर यायला या शतकाचा उत्तरार्ध लागेल, असा अंदाज आहे.