चाचणीतला पेशंट आणि ओपीडीतला पेशंट

'एव्हिडन्स-बेस्ड मेडिसिन', म्हणजे पुराव्यावर आधारलेलं वैद्यक, हा शब्दप्रयोग गॉर्डन गायट यांनी १९९१ साली एका छोट्या लेखात वापरला. ते कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतातल्या मॅकमास्टर विद्यापीठातले. पुराव्याचा एवढा आग्रह का, याचं उत्तर दोनच वर्षांपूर्वी मिळालं होतं. हार्ट अटॅकनंतर हृदयाचे जादा ठोके दाबणारी औषधं तेव्हा सर्रास दिली जात. ईसीजी सुधारायचा, डॉक्टरांना हायसं वाटायचं. १९८९ मध्ये 'कास्ट' या चाचणीत, म्हणजे काही रुग्णांना औषध आणि काहींना बिनऔषधी गोळी देऊन केलेल्या तुलनेत दिसलं, की ती औषधं घेणारेच जास्त दगावत होते. चाचण्यांशिवाय हे कधीच कळलं नसतं, म्हणून त्यांच्यावर माझा विश्वास आहे.

तरीही पुढे ऑन्टॅरिओतच जे घडलं, ते विसरून चालणार नाही.

१९९९ मध्ये 'राल्स' चाचणीचे निकाल आले. हार्ट फेल्युअरचे, म्हणजे हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद कमी झालेले १,६६३ रुग्ण, आणि स्पायरोनोलॅक्टोन ही जुनी, स्वस्त गोळी. मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी घटला. निकाल खराच होता. पण या गोळीने रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, आणि ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडून जीवही जाऊ शकतो. म्हणून चाचणीतले रुग्ण पारखून घेतलेले होते. रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं थकली की हे वाढतं) २.५ च्या किंवा पोटॅशियम ५ च्या वर असेल, तर प्रवेशच नव्हता. शिवाय पहिले तीन महिने दर चार आठवड्यांनी रक्त तपासलं जाई.

ओपीडीत येणारा माणूस असा निवडून येत नाही. तो जास्त म्हातारा असतो, मूत्रपिंडं थकलेली असतात, पुढची तपासणी राहून जाते. आपल्याकडे तर आजाऱ्याला भेटायला जाताना हमखास शहाळं नेतात, आणि शहाळ्यात पोटॅशियम भरपूर! आजोबा रोज काय पितात, हे घरच्यांना विचारल्याशिवाय कळत नाही.

ऑन्टॅरिओतल्या हार्ट फेल्युअरच्या वृद्ध रुग्णांत ही गोळी १९९४ मध्ये हजारात ३४ जणांना मिळत होती, २००१ च्या अखेरीस १४९ जणांना. संशोधक डेव्हिड जूरलिंक आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडलेला हिशेब असा: पोटॅशियम वाढून इस्पितळात दाखल होण्याचं प्रमाण हजारी २.४ वरून ११ वर गेलं, त्यातल्या मृत्यूंचं ०.३ वरून २ वर.

स्कॉटलंडमधल्या टेसाइड भागातही गोळीचा वापर असाच वाढला. पण २०१० मध्ये तिथली आकडेवारी प्रसिद्ध झाली, तेव्हा पोटॅशियममुळे दाखल होणारे वाढलेले दिसले नाहीत. तिथे गोळी सुरू केल्यावर रक्त अधिक वेळा तपासलं जात होतं.