काउंटर-डेप्थ की बिल्ट-इन? फ्रिज ओट्याच्या ओळीत बसवताना

फोटोत दोन्ही सारखेच दिसतात. ओटा, शटरं आणि फ्रिज एका रेषेत, कुठे काही पुढे आलेलं नाही. त्यामुळे ‘काउंटर-डेप्थ’ आणि ‘बिल्ट-इन’ ही एकाच फ्रिजची दोन नावं आहेत असं बऱ्याच जणांना वाटतं. मग फ्रिज एका प्रकारचा येतो आणि कपाट दुसऱ्या प्रकाराच्या हिशेबाने होतं. मी स्वयंपाकघरांची ड्रॉइंग काढते, आणि हा घोळ निस्तरायला फार जड जातो, कारण तो लक्षात येईपर्यंत सनमायकासुद्धा चिकटवून झालेला असतो.

काउंटर-डेप्थ फ्रिज हा मुळात साधा, सुटा उभा राहणारा फ्रिजच. फक्त तो पुढून मागे कमी जागा घेतो. ओटा साधारण 60 ते 63 सेंटीमीटर खोल असतो, तर नेहमीचा मोठा फ्रिज दारासकट 70 ते 80 सेंटीमीटरपर्यंत जातो. काउंटर-डेप्थमध्ये हे माप ओट्याजवळ आणलेलं असतं, पण ते बहुतेक वेळा नुसत्या पेटीचं असतं. दार आणि हँडल धरलं की फ्रिज ओट्याच्या पुढे येतोच. मॉडेल पाहून पाच ते दहा सेंटीमीटर धरा. माहितीपत्रकात पेटीची, दारासकट आणि हँडलसकट अशी तीन वेगवेगळी मापं दिलेली असतात. सुताराच्या हातात तिन्ही द्या.

दार पुढे येतं हा दोष नाही, त्याची गरजच असते. साध्या फ्रिजचं दार उघडताना त्याची बिजागरीकडची कड बाजूला सरकते. हल्ली काही मॉडेलांत दार स्वतःच्या रुंदीतच फिरतं, पण सगळ्यांत नाही. फ्रिज आत ढकलून दार शेजारच्या शटरच्या पातळीत आणलं, किंवा बिजागरीची बाजू भिंतीला टेकवली, तर दार जेमतेम काटकोनात उघडतं. आतले ड्रॉवर पूर्ण बाहेर यायला मात्र बहुतेकदा त्याहून जास्त उघडावं लागतं.

आमच्या घरी हेच झालं होतं. फ्रिज कोपऱ्यात, बिजागरी भिंतीकडे. भाजीचा ड्रॉवर चार बोटं बाहेर यायचा आणि दारातल्या बाटल्यांच्या कप्प्याला खटकन अडायचा. तो धुवायला काढायचा तर आधी दारातले कप्पे उतरवावे लागत. दुसऱ्या बाजूच्या प्लायच्या पॅनेलला हात लावला की ते चांगलं कोमट लागायचं. शेवटी ते पॅनेल सरकवलं, भिंतीकडे आठ सेंटीमीटरची उभी फिलर पट्टी टाकली आणि फ्रिज तेवढा अलीकडे घेतला. त्या दिवशी ड्रॉवर पहिल्यांदा पूर्ण बाहेर आला.

ते कोमट पॅनेल महत्त्वाचं, कारण दोन्हींतला खरा फरक तिथेच आहे. फ्रिज आतली उष्णता काढून बाहेर टाकतो. आजच्या बऱ्याच सुट्या फ्रिजमध्ये गरम नळ्या बाजूच्या पत्र्यांच्या आत असतात, म्हणून बाजू हाताला तापलेल्या लागतात. तिथे प्लाय घट्ट लावला तर उष्णतेला वाट राहत नाही. कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो, वीज जास्त जाते. म्हणून बाजूला, मागे आणि वर किती फट हवी ते मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. कपाट कितीही नीटनेटकं करायचं असलं तरी ती फट सोडायची. मागची फट धरली की ओट्याच्या ओळीतला फ्रिज आणखी थोडा पुढे येतो, हेही आधीच ड्रॉइंगमध्ये धरलेलं बरं.

बिल्ट-इनची रचनाच वेगळी. तो कपाटात बंद राहण्यासाठीच केलेला असतो. कपाटात पूर्ण लपणाऱ्या प्रकारात थंड हवा खालच्या पायपट्टीच्या जाळीतून आत येते, फ्रिजमागून वर चढते आणि कपाटाच्या माथ्यावरून बाहेर पडते. या दोन्ही ठिकाणी साधारण 200 चौरस सेंटीमीटर मोकळी जागा मागितलेली असते. काही मोठ्या बिल्ट-इनमध्ये हवा पुढच्याच जाळीतून आत-बाहेर होते. दोन्हीकडे हवेची वाट ठरलेली असते, म्हणून बाजूची कपाटं अगदी चिकटून चालतात. पण ती वाट कपाटातून जाते. वरचं भोक ‘वाईट दिसतं’ म्हणून बुजवलं तर इतका महाग फ्रिज आतल्या आत गुदमरतो.

त्याच्या दारावर तुमच्याच कपाटाचं शटर बसतं. एका पद्धतीत शटर थेट फ्रिजच्या दारावर स्क्रूने घट्ट बसवतात आणि सगळा भार फ्रिजच्या बिजागरीवर येतो. दुसरीत शटर कपाटाच्या बिजागरीवर असतं आणि दार उघडताना फ्रिजच्या दारावरच्या छोट्या पट्टीत सरकतं. मला पहिली आवडते, दार एकसंध उघडतं. मात्र शटरचं वजन पुस्तिकेतल्या मर्यादेत हवं, नाहीतर काही महिन्यांत ते खाली झुकतं आणि रबर नीट बसत नाही. असा फ्रिज कपाटाला किंवा भिंतीला स्क्रूने बांधणंही आवश्यक. भरलेली जड दारं उघडल्यावर तोल पुढे जातो.

बिल्ट-इनसाठी कोनाडा आधी ठरतो: सर्वांत रुळलेलं माप म्हणजे 56 सेंटीमीटर रुंद आणि किमान 55 खोल. एवढ्या पेटीत जागा बेताचीच, मोठ्या कुटुंबाला ती कमी पडते. पुढे फ्रिज बदलायचा झाला तर त्याच मापाचा शोधावा लागतो, आणि घर बदललं तर तो सहसा तिथेच राहतो. काउंटर-डेप्थ तुमच्याबरोबर येतो. स्वयंपाकघर पायापासून नवीन होत नसेल तर मी बिल्ट-इनच्या वाटेला जाऊ नका असंच सांगते.

काहीही घेतलंत तरी मॉडेल आधी पक्कं करा, प्लाय नंतर कापा. कोनाड्याची रुंदी खाली, मधे आणि वर अशी तीन ठिकाणी मोजा आणि सर्वांत कमी भरेल तीच खरी धरा. भिंती ओळंब्यात असतातच असं नाही, शिवाय खालचं स्कर्टिंग दीड-दोन सेंटीमीटर खातं. जमिनीचा उतारही पाहा, कारण पाय फिरवून फ्रिज लेव्हलला आणला की त्याची उंची वाढते. आणि प्लग पॉइंट फ्रिजच्या बरोबर मागे ठेवू नका. नुसता प्लगच चार-पाच सेंटीमीटर पुढे येतो, म्हणजे इंचाइंचाने मिळवलेली ओळ तिथेच मोडते. तो शेजारच्या कपाटात घ्या, फ्रिज न ओढता हात पोचेल असा.