पिवळ्या पिशवीमागचा धूर: रुग्णालयातल्या कचऱ्याचा धंदा कसा बदलत गेला

आज रुग्णालयाच्या मागच्या दाराशी पिवळ्या-लाल पिशव्या उचलायला गाडी येते. बारकोड स्कॅन होतो, वजन नोंदलं जातं आणि कचरा जिल्ह्यातल्या किंवा शेजारच्या जिल्ह्यातल्या, अनेक रुग्णालयांसाठी एकच असलेल्या सामायिक प्रक्रिया केंद्राकडे निघतो. ही पद्धत इतकी अंगवळणी पडली आहे की ती कचऱ्याच्या नियमांतून आपसूक आली असं आपण धरून चालतो. माझ्या मते तिला आजचं रूप दिलं ते धुराच्या नियमांनी. भट्टीच्या धुराड्यातून काय बाहेर पडावं यावर जसजशी बंधनं आली, तसतसं कचरा कोणी जाळायचा, कुठे जाळायचा आणि कोणाच्या घराशेजारी जाळायचा हेही ठरत गेलं.

सुरुवात मात्र उलट्या दिशेने झाली होती. १९९४ च्या सुरतेतल्या प्लेगनंतर शहरांतल्या घाणीचा प्रश्न ऐरणीवर आला. दिल्लीतल्या कचऱ्याबद्दल वकील बी. एल. वढेरा यांनी केलेल्या याचिकेवर १ मार्च १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. दिल्लीतल्या ५० आणि त्याहून जास्त खाटांच्या रुग्णालयांनी स्वतःची भट्टी बसवावी किंवा तितकीच परिणामकारक दुसरी सोय करावी, असा तो आदेश होता. रक्ताळलेल्या पट्ट्या आणि सुया उघड्या उकिरड्यावर पडत होत्या, त्या काळात हा आदेश योग्य दिशेचाच होता. व्यवहारात मात्र ‘दुसरी सोय’ मागे पडली आणि भट्टी पुढे आली.

रुग्णालयाच्या आवारातली छोटी भट्टी हे फसवं यंत्र असतं. ती थंड स्थितीतून पेटवली की तापमान चढेपर्यंतचा सगळा धूर अर्धवट जळलेला. कचरा थोडाथोडा येतो, म्हणून ती दिवसातून काही तासच चालते आणि रोज पुन्हा गार होते. वर त्या कचऱ्यात पीव्हीसीच्या नळ्या, पिशव्या, हातमोजे. पीव्हीसीमध्ये क्लोरीन असतं. ते जळलं की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते आणि धूर थंड होताना, साधारण २०० ते ४५० अंश सेल्सिअसच्या टप्प्यात, डायॉक्सिन ही अतिविषारी संयुगं तयार होतात. म्हणजे आगीत नष्ट झालेलं विष धुराड्याच्या वाटेवर पुन्हा जुळून येऊ शकतं. जंतू मारायला लावलेली भट्टी अशा वेळी शेजारच्या वस्तीला कर्करोगाला कारण ठरणारा धूर देते.

युरोपला डायॉक्सिनचा धडा १० जुलै १९७६ रोजी मिळाला. इटलीतल्या सेवेसोजवळच्या रसायन कारखान्यातून हे विष हवेत गेलं आणि हा शब्द घरोघर पोचला. जर्मनीने १९९० मध्ये कचरा जाळणाऱ्या भट्ट्यांसाठी घनमीटरमागे ०.१ नॅनोग्रॅम ही मर्यादा घातली. पुढे युरोपीय संघानेही तीच घेतली. ०.१ नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा अब्जावा भाग. अमेरिकेत १९९४ च्या सरकारी अहवालाने वैद्यकीय कचऱ्याच्या भट्ट्यांना डायॉक्सिनच्या प्रमुख स्रोतांत गणलं आणि १९९७ मध्ये कडक मानकं आली. तेव्हा तिथे अशा भट्ट्या दोन हजारांहून जास्त होत्या. २००९ पर्यंत त्या शंभराच्या आत आल्या. धूर स्वच्छ करण्याची यंत्रणा बसवण्यापेक्षा भट्टी बंद करून ऑटोक्लेव्हवाल्याला, म्हणजे दाबाखालच्या वाफेने कचरा निर्जंतुक करणाऱ्याला, कचरा देणं रुग्णालयांना परवडलं. धुराच्या एका नियमाने एक व्यवसाय जवळजवळ संपवला आणि दुसरा उभा केला.

आपल्याकडेही ‘सृष्टी’सारख्या दिल्लीतल्या संस्थांनी भट्ट्यांना विरोध करून पर्यायांची बाजू लावून धरली. २० जुलै १९९८ रोजी जैववैद्यकीय कचऱ्याचे पहिले नियम निघाले, त्यांत ऑटोक्लेव्ह आणि मायक्रोवेव्हलाही जागा मिळाली. भट्टीसाठी धुळीची मर्यादा होती, ३० मीटरचं धुराडं होतं, क्लोरीनयुक्त प्लास्टिक जाळू नये अशी अटही होती. डायॉक्सिनची मर्यादा मात्र नव्हती. जी गोष्ट मोजायचीच नाही तिच्यासाठी कोणी पैसे घालत नाही, आणि तसंच झालं.

२००३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सामायिक केंद्रांची मार्गदर्शक तत्त्वं आणली. प्रत्येक रुग्णालयाने वेगळी भट्टी नीट चालवणं खर्चाच्या आणि माणसांच्या दृष्टीने झेपणारं नाही, हा त्यामागचा विचार होता. केरळात तर डॉक्टरांच्या संघटनेनेच पालक्काडला असं केंद्र उभारलं. जानेवारी २००६ मध्ये भारताने स्टॉकहोम कराराला, म्हणजे वर्षानुवर्षं टिकणाऱ्या सेंद्रिय विषांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराला, मान्यता दिली. त्या करारात वैद्यकीय कचऱ्याच्या भट्ट्या डायॉक्सिनचा स्रोत म्हणून नोंदलेल्या आहेत, त्यामुळे प्रश्न टाळण्याची सोय उरली नाही.

खरा घाव बसला २८ मार्च २०१६ च्या नियमांनी. धुळीची मर्यादा १५० मिलिग्रॅमवरून ५० वर आली. डायॉक्सिनसाठी ०.१ नॅनोग्रॅमचा आकडा आला. आणि भट्टीच्या दुसऱ्या कक्षात, जिथे धूर पुन्हा जाळला जातो, वायू थांबण्याचा किमान काळ एका सेकंदावरून दोन सेकंद झाला. कागदावर हा एका सेकंदाचा फरक आहे. पण तोच कक्ष, तेच तापमान आणि तोच पंखा ठेवून वायू दुप्पट वेळ थांबवायचा, तर तासाला जाळायचा कचरा अर्ध्यावर आणावा लागतो. नाहीतर दुप्पट मोठा कक्ष बांधावा लागतो. त्यापुढे धूर झपाट्याने गार करणारा पाण्याचा फवारा, डायॉक्सिन शोषणारा सक्रिय कोळसा, कापडी पिशव्यांचे फिल्टर. या सगळ्याला दोन वर्षांची मुदत होती. वीस-तीस खाटांच्या नर्सिंग होमला हे शक्यच नव्हतं. शिवाय ७५ किलोमीटरच्या आत सामायिक केंद्र असेल तर रुग्णालयाने स्वतःची प्रक्रिया यंत्रणा उभारू नये, हेही नियमातच आलं.

त्यामुळे धंद्याचा तोंडवळा बदलला. देशभरात सुमारे दोनशे सामायिक केंद्रं हा कचरा हाताळतात, आणि भांडवल लागतं म्हणून नव्याने उतरणारे कमी. दहा हजार खाटांना एक केंद्र या हिशोबाने परिसर ठरतो. साहजिकच बऱ्याच ठिकाणी डॉक्टरांना दुसरा पर्याय नसतो आणि केंद्र खाटेमागे घेतं त्या दराची घासाघीस होते. डॉक्टरांची ही तक्रार रास्त आहे. पण केंद्र चालवणाऱ्याचं डिझेल, कोळसा आणि फिल्टर या दरांतूनच येतात. दर फार दाबले तर पहिली काटछाट तिथेच होणार.

मोजमापाची बाजू अजून लंगडी आहे. धूळ, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोक्लोरिक आम्ल यांचे आकडे यंत्रं सतत मंडळाकडे पाठवतात. डायॉक्सिन तसं मोजता येत नाही. वर्षातून एकदा नमुना घेतला जातो, आणि तपासणाऱ्या सक्षम प्रयोगशाळा मोजक्या. त्या एका दिवशी भट्टी उत्तम चालवणं कोणालाही जमतं. म्हणून मला सर्वांत महत्त्वाचं कलम वाटतं ते क्लोरीनयुक्त पिशव्या आणि हातमोजे बंद करण्याचं, रक्ताच्या पिशव्या वगळून. त्याची मुदत वाढत वाढत २७ मार्च २०१९ पर्यंत गेली. वॉर्डातल्या मावशींनी सलाईनची नळी लाल पिशवीत टाकली तर ती ऑटोक्लेव्ह होऊन पुनर्वापराला जाते. पिवळीत टाकली तर ते क्लोरीन थेट भट्टीत जातं. धुराची प्रत त्या क्षणी ठरते, आणि त्या मावशींच्या प्रशिक्षणावर होणारा खर्च फिल्टरच्या मानाने अगदीच किरकोळ असतो.

धूर एकवटला की त्याचे शेजारीही एकवटतात. मुंबईचा हा कचरा २००९ पासून देवनार-गोवंडीत जाळला जात होता, क्षेपणभूमीच्या जवळ, दाट वस्तीत. शहरभरातल्या रुग्णालयांचा भार एका गरीब वस्तीच्या फुप्फुसांवर टाकणं अन्यायाचं होतं, आणि तिथल्या रहिवाशांनी ते वर्षानुवर्षं ओरडून सांगितलं. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा प्रकल्प दोन वर्षांत रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात हलवायचा आदेश दिला. जागा बदलली तरी प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवू नये हा नियम तोच राहतो. म्हणजे मुंबईच्या वॉर्डातली पिवळी पिशवी रोज पनवेलपलीकडे न्यावी लागेल, आणि त्या वाहतुकीचा खर्च खाटांच्या दरात धरावा लागेल.